मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं: दर रास्त आहेत का? (आकड्यांसकट बोलूया)

मंद्रसप्तक

लोकप्रिय गायक आणि बँड यांच्या तिकिटांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, "लूट आहे नुसती". दुसरा, "परवडत नसेल तर जाऊ नका". आकडे दोघांकडेही नसतात, म्हणून हा धागा.

दोन दौरे समोर ठेवतो. आयरिश बँड यू२चा '३६०' दौरा २००९ ते २०११ चालला. ११० कार्यक्रम, सुमारे ७३.६ कोटी डॉलरची तिकीटविक्री, ७२ लाखांवर प्रेक्षक. सरासरी तिकीट साधारण १०१ डॉलर. टेलर स्विफ्टचा 'एराज' दौरा मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४. १४९ कार्यक्रम, सुमारे २०७ कोटी डॉलर, एक कोटीवर प्रेक्षक. सरासरी २०४ डॉलरच्या आसपास.

मधल्या काळात अमेरिकेतली महागाई ४० टक्क्यांच्या आसपास वाढली. त्या हिशेबाने १०१ चे १४१-४२ व्हायला हवे होते. वरचे साठेक डॉलर खर्चात गेले की नफ्यात? आणि एखादा दर "रास्त" आहे हे ठरवायचं कशावरून? जाणकारांनी लिहावं.

हिशेबी

चांगला विषय. आधी तिकिटाच्या छापील किमतीचे पैसे कसे वाटले जातात ते मांडतो, नाहीतर चर्चा हवेत राहील. आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी आहे.

बंदिस्त अरीना, १०,००० तिकिटं, सरासरी ८० डॉलर. गल्ला ८ लाख. त्यातून स्थानिक करमणूक कर किंवा विक्रीकर, धरा ८ टक्के, म्हणजे ६४ हजार गेले. उरले ७ लाख ३६ हजार. आता कार्यक्रमाचा खर्च: जागेचं भाडं, स्टेजवरचे कामगार, सुरक्षा, जाहिरात, विमा, वीज, जेवणखाण, गाण्यांच्या हक्कांची फी. (ब्रिटनमध्ये ही फी कॉन्सर्टसाठी गल्ल्याच्या ४.२ टक्के आहे.) असा सगळा मिळून २ लाख ६० हजार धरू. हातात राहिले ४ लाख ७६ हजार. ह्याची वाटणी बहुधा ८५:१५, फार मोठं नाव असेल तर ९०:१०. ८५:१५ ने कलाकाराला ४ लाख ४ हजार ६००, प्रमोटरला (कार्यक्रम भरवणाऱ्याला) ७१ हजार ४००.

करारात गॅरंटीही असते, म्हणजे कलाकाराला किमान एवढी रक्कम मिळेलच अशी हमी. समजा ती साडेतीन लाख आहे. वाटणी आणि गॅरंटी यांत जी रक्कम मोठी ती कलाकाराची. आता तिकिटं ७,००० च खपली असं धरा. गल्ला ५ लाख ६० हजार, कर जाऊन ५ लाख १५ हजार २००. खर्च फारसा घटत नाही, अडीच लाख होतोच. उरतात २ लाख ६५ हजार २००, आणि कलाकाराला द्यायचे आहेत साडेतीन लाख. प्रमोटरला ८४ हजार ८०० चा खड्डा. भरल्या हॉलमध्ये ७१ हजारांचा फायदा, तीन हजार खुर्च्या रिकाम्या राहिल्या की त्याहून मोठा तोटा. छापील किंमत चढी ठेवण्यामागे ही भीती असते.

कलाकाराच्या वाट्यातूनही मॅनेजरचे १५-२० टक्के, बुकिंग एजंटचे साधारण १० टक्के, ट्रक, बस, ध्वनी-प्रकाश-पडद्यांचं भाडं, वादक आणि तंत्रज्ञांचे पगार जातात. आठवड्यात चार कार्यक्रम असले तरी पगार आणि भाडी सात दिवसांची.

आणि एक पाहा, ह्या सगळ्यात छापील किमतीवर लागणारी सर्व्हिस फी कुठेही आलेली नाही. ती वेगळी.

खांबाआडून

हिशेबीकाका, आठ लाखांच्या गल्ल्यात कार्यक्रमाच्या खर्चाचे अडीच लाख जास्त नाही वाटत? एका रात्रीत एवढं काय लागतं?

लोखंड_आणि_साखळी

@खांबाआडून, उभारणीपुरतं सांगतो.

अरीनात छताला टांगायची सोय असते. पहाटे रिगर (सामान टांगणारे कामगार) नकाशा घेऊन जमिनीवर खडूने खुणा करतात; प्रत्येक खुणेवर किती वजन येणार ते लिहिलेलं असतं. छताच्या तुळयांवरचा माणूस दोर सोडून पोलादी वायर आणि मोटरची साखळी वर ओढतो, तुळईला वेढा घालून शॅकलने अडकवतो. मोटरी बहुधा एक टनी. मग ट्रस (धातूचे जाळीदार सांगाडे) जोडायचे, त्यांना दिवे लावायचे, केबल बांधायच्या आणि सगळं वर उचलायचं. त्यानंतर स्पीकरच्या रांगा, मग पडदे. त्याखाली स्टेज सरकवून आणायचं, वाद्यं लावायची, दुपारनंतर साउंडचेक. रात्री कार्यक्रम संपला की तेच उलट क्रमाने, मध्यरात्र उलटेपर्यंत. क्रम चुकला तर सगळं अडतं. स्टेज आधी आलं तर वरचं काम थांबतं, आणि शंभरावर कामगार तासाच्या दराने नुसते उभे राहतात. ओव्हरटाइमचा दर दीडपट-दुप्पट. एक ट्रक दोन तास उशिरा आला तरी सेटलमेंटच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर ते दिसतं.

स्टेडियमला छतच नाही. म्हणजे छत धरून सगळंच घेऊन जायचं. गवतावर टाकायच्या फळ्या, मागच्या प्रेक्षकांसाठी स्पीकरचे वेगळे मनोरे, जनरेटर, कठडे, शौचालयं. एवढं लोखंड एका दिवसात उभं राहत नाही, म्हणून मोठे दौरे ढाचाच एकाहून जास्त बनवून घेतात. वर उल्लेख आलेल्या यू२च्या दौऱ्यात तसे तीन ढाचे होते. एकावर कार्यक्रम, दुसरा पुढच्या शहरात उभा राहतोय, तिसरा मागच्या शहरात उतरतोय. तिन्हींचे कामगार, ट्रक आणि विमा एकाच वेळी चालू.

शिवाय वारा. अभियंत्याने मर्यादा ठरवून दिलेली असते. वाऱ्याचा वेग तिथे पोचला की पडदे आणि स्पीकर खाली घ्यायचे आणि लोकांना थांबवायचं. तो निर्णय घ्यायला वारामापकावर डोळा ठेवून बसलेला माणूसही पगारी असतो, आणि असायलाच हवा.

नंदाताई

लोखंड, प्रतिसाद फार आवडला. पडद्यामागचे हे लोक दिसत नाहीत, म्हणून तिकिटाच्या चर्चेत त्यांचा हिशेबही कोणी धरत नाही.

बाजारभाव

माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी मांडतो. मोठ्या कलाकारांची छापील किंमत जास्त नाही, *कमी* आहे. शंभराचं तिकीट दुसऱ्या दिवशी चारशेला विकलं जात असेल तर वरचे तीनशे कलाकार, प्रमोटर, रिगर यांतल्या कोणालाच मिळत नाहीत. ते दलालाला मिळतात, आणि त्याने कार्यक्रमासाठी काडीचं काम केलेलं नसतं.

म्हणूनच मागणीनुसार बदलणारे दर आले. २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्यात काही 'प्लॅटिनम' तिकिटं चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली आणि आरडाओरडा झाला. पण तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की ८८ टक्के तिकिटं ठरलेल्या किमतीला, म्हणजे ६० ते ४०० डॉलरच्या दरम्यान गेली. बातमी फक्त टोकाच्या आकड्याची झाली.

दुसरं म्हणजे गाण्यातून मिळणारा पैसाच बदलला. पूर्वी दौरा हा आल्बम खपवायचा मार्ग होता, म्हणून तिकीट स्वस्त ठेवणं परवडायचं. आता आल्बम हाच दौऱ्याची जाहिरात झालाय. कॉनोली आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ ते २००३ चे अमेरिकेतले आकडे काढले. तिकीट ८२ टक्क्यांनी वाढलं, महागाई १७ टक्क्यांनी. हे सगळं आजच्या स्ट्रीमिंगच्या आधीचं आहे.

मंद्रसप्तक

@बाजारभाव, दलालाचा मुद्दा मान्य. पण ती चारशेची किंमत नैसर्गिक मागणीची आहे असं तुम्ही धरून चालताय. ती टंचाईची किंमत आहे, आणि टंचाईतला काही भाग तयार केलेला असतो. न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलचा २०१६ चा अहवाल पाहा. तिथल्या गाजलेल्या कार्यक्रमांत सरासरी ४६ टक्केच तिकिटं सर्वसामान्य विक्रीला आली. ३८ टक्के प्रीसेलमध्ये, म्हणजे बहुधा ठरावीक क्रेडिट कार्डवाल्यांना किंवा फॅन क्लबला, आणि १६ टक्के कलाकार, जागा, प्रमोटर यांच्या ओळखीच्यांसाठी राखून. त्याच अहवालात आहे की डिसेंबर २०१४ मध्ये एका दलालाने बॉट (आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम) लावून मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या यू२च्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटं एका मिनिटात उचलली. अशा बाजारात निघालेल्या भावाला मी खरा भाव म्हणणार नाही.

अनुष्टुभ

मूळ किमतीपेक्षा मला फी जास्त खटकते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने (गाओ) २०१८ मध्ये तपासलं तेव्हा मूळ विक्रीत फी तिकिटाच्या किमतीच्या सरासरी २७ टक्के आणि पुनर्विक्रीत ३१ टक्के निघाली.

२०२३ मध्ये द क्युअर या ब्रिटिश बँडने दर मुद्दाम खाली ठेवले, काही तिकिटं २० डॉलरची होती. त्यावर फी इतकी लागली की काही ठिकाणी ती मूळ किमतीच्याही वर गेली. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथने जाहीरपणे विचारलं, तेव्हा तिकीटमास्टरने सर्वांत स्वस्त तिकिटांमागे १० आणि बाकीच्यांमागे ५ डॉलर परत केले. विचारल्यावर परत देता येतात, तर आधी लावले कशासाठी?

हिशेबी

@अनुष्टुभ, उत्तर आहे, पण ते कानाला गोड लागणार नाही. फी एकट्या तिकीट कंपनीकडे राहत नाही. जागेच्या मालकाला त्यातला मोठा वाटा जातो, काही वेळा प्रमोटरलाही. पद्धत अशी: तिकीट कंपनी हॉलशी काही वर्षांचा एकाधिकार करार करते आणि त्यासाठी आगाऊ रक्कम मोजते. ती वसूल होते फीमधून. कलाकाराशी झालेल्या वाटणीत फी येत नाही, म्हणून जागावाल्याला तिकिटापेक्षा फी वाढलेली जास्त सोयीची. शिव्या खायला तिकीट कंपनी पुढे असते, पैसे मागे वाटले जातात.

पर्ल जॅम या अमेरिकी बँडने १९९४ मध्ये हेच अंगावर घेतलं होतं. त्यांना १८ डॉलरचं तिकीट आणि त्यावर १० टक्क्यांपर्यंतच फी हवी होती. अमेरिकी न्याय खात्याकडे तक्रार गेली, १९९५ मध्ये चौकशी बंद झाली. २०१० मध्ये तिकीटमास्टर आणि लाइव्ह नेशन यांचं विलीनीकरण झालं. प्रमोटर, अनेक जागा आणि तिकीट खिडकी एका छताखाली. मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने ह्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यांच्या ताळेबंदात कार्यक्रमांच्या विभागाचा नफा अगदी पातळ दिसतो आणि तिकीट विभागाचा जाड. वरची वाटणी वाचली असेल तर कारण कळेल.

अनुष्टुभ

धन्यवाद काका. मग निदान एकूण रक्कम आधी दाखवा. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून फीसकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवणं सक्तीचं झालंय. तेवढ्याने फी कमी होत नाही, पण तुलना तरी करता येते.

टिपेचा_सूर

बदलत्या दरांचं समर्थन चाललंय म्हणून ओएसिस या ब्रिटिश बँडच्या तिकीटविक्रीची आठवण करून देतो. ३१ ऑगस्ट २०२४. लोक तासन् तास रांगेत, आणि दीडशे पौंडांच्या आतलं उभ्याचं तिकीट रांगेच्या तोंडाशी पोचेपर्यंत ३५५ पौंड. संगणक मिनिटामिनिटाला भाव चढवत होता. हे कुठल्या व्याख्येत रास्त बसतं?

रोहिणी_न

@टिपेचा_सूर, राग बरोबर आहे, तपशील थोडा वेगळा आहे. ब्रिटनच्या सीएमएने (बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणारी सरकारी यंत्रणा) चौकशी केली तेव्हा मिनिटामिनिटाला भाव चढवणाऱ्या अल्गोरिदमचा पुरावा मिळाला नाही. उभ्याच्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्तातला गठ्ठा आधी सोडला, तो संपल्यावर महागातला. रांगेतल्या माणसाला हे सांगितलं नव्हतं. शिवाय काही बसायची तिकिटं 'प्लॅटिनम' नावाने जवळजवळ अडीचपट दराने विकली, आणि त्यांत जास्तीचं काही मिळत नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीटमास्टरने सीएमएला हमी दिली की असे टप्प्यांचे दर असतील तर २४ तास आधी कळवू.

माझ्या मते रास्तपणाची पहिली कसोटी इथेच आहे. माणूस रांगेत उभा राहण्याआधी त्याला दर ठाऊक हवा. तीनशे पौंड आधी जाहीर करा, ज्याला जायचं तो जाईल. चार तास थांबवून, पुढची पाच मिनिटं घड्याळ लावून ३५५ दाखवणं म्हणजे त्याच्या दमल्याचा फायदा घेणं.

टिपेचा_सूर

चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. राग तेवढाच आहे.

काठावरचा

दलालांना आवरायचं तर पुनर्विक्रीच मूळ किमतीला बांधा. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारनेही तसा कायदा आणायचं जाहीर केलं. ब्रिटनमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाला आधी फोटोसह नोंदणी लागते आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. जायला जमलं नाही तर आयोजकांकडे परत, तेच पुन्हा विकणार. दलाल उभाच राहू शकत नाही.

बाजारभाव

@काठावरचा, ग्लॅस्टनबरीला जमतं कारण नोंदणी ते दार, सगळं एका हातात आहे. साठ शहरांच्या दौऱ्यात साठ जागांचे साठ करार असतात. आणि मर्यादा घातली की व्यवहार व्हॉट्सअॅपवर जातो, तिथे फसवणूक झाली तर दाद कुठे मागणार? अमेरिकेत बॉटविरोधी कायदा २०१६ मध्ये झाला, त्याखालची पहिली कारवाई २०२१ मध्ये. कायदा असणं आणि चालणं वेगळं.

टंचाईवर साधा उपाय कार्यक्रम वाढवणं हा आहे. अमेरिकी गायक गार्थ ब्रुक्स वर्षानुवर्षं तेच करतो: दर खाली, आणि मागणी संपेपर्यंत एकाच शहरात कार्यक्रम वाढवत जायचे. दलालाकडचा माल पडून राहतो.

लोखंड_आणि_साखळी

त्यालाही परवानगीची मर्यादा आहे. त्याच ब्रुक्सचे २०१४ मध्ये डब्लिनला पाच कार्यक्रम जाहीर झाले, चार लाख तिकिटं विकली गेली, महापालिकेने तीनच मंजूर केले आणि शेवटी पाचही रद्द झाले. शेजाऱ्यांचा आवाजाचा आक्षेप आणि रहदारी हेही पुरवठ्याचेच भाग आहेत. पण एका जागी चार रात्री मिळाल्या तर उभारणी एकदाच होते, हे खरं. खर्चात सर्वांत मोठी बचत तीच.

नंदाताई

थोडं अवांतर. स्टेडियमच्या दरांवर भांडताना छोटे हॉल विसरू नका. म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालात ब्रिटनमधल्या लहान जागांचा २०२३ चा नफा अवघा अर्धा टक्का होता, आणि त्या वर्षात १२५ जागांमधलं संगीत बंद पडलं. उद्याचे स्टेडियमवाले तिथेच तयार होतात. फ्रान्समध्ये तिकिटांवर ३.५ टक्के कर आहे, तो राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जाऊन क्षेत्रातच फिरतो. ब्रिटनमध्ये मोठ्या तिकिटामागे एक पौंड बाजूला काढायची मोहीम आहे. कोल्डप्लेने २०२५ च्या तिथल्या कार्यक्रमांतला आपला १० टक्के वाटा दिला. तिकिटातले असे काही पैसे खालपर्यंत झिरपणार असतील तर चार पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

खांबाआडून

नंदाताईंना +१. पण मला महिन्याभरात तिकीट घ्यायचंय. व्यवहाराचं काही सांगा ना कोणीतरी!

तिसरी_घंटा

घ्या.

रांगेत विक्रीच्या आधी तासभर बसून नंबर लवकर लागत नाही. बहुतेक मोठ्या साइटवर प्रतीक्षागृहातल्या सगळ्यांना विक्री सुरू होताक्षणी यादृच्छिक क्रमांक मिळतो. दहा मिनिटं आधी पोचलात तरी पुरे. एका खात्याने एकच टॅब ठेवा, अनेक उघडले तर यंत्रणा बॉट समजून बाहेर काढू शकते. कार्ड आणि पत्ता आदल्या दिवशी खात्यात भरून ठेवा, आणि बँकेचा ओटीपी येणारा फोन हातात. अनेकांचं तिकीट शेवटच्या पायरीवर, ओटीपीची वाट पाहताना सुटतं.

पहिल्या दिवशी नाही मिळालं तर घाबरून दलालाकडे जाऊ नका. स्टेज, कॅमेरे आणि ध्वनी-प्रकाशाचे टेबल कुठे येणार हे नक्की नसल्यामुळे भोवतालच्या खुर्च्या राखून ठेवलेल्या असतात. उभारणी झाली की त्यातल्या मोकळ्या झालेल्या मूळ दराने सोडतात, बहुधा शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कधी त्याच दिवशी दुपारी. अधिकृत साइटच पाहत राहा. पुनर्विक्रीचे भावही पुष्कळदा शेवटच्या दिवशी उतरतात, कारण रात्रीनंतर त्या तिकिटाची किंमत शून्य. अपवाद एकाच रात्रीच्या कार्यक्रमाचा. तिथे उतरतील याचा भरवसा नाही.

विक्री सुरू व्हायच्या आधीच कोणी "ब्लॉक क, रांग नंतर कळवू" असं विकत असेल तर त्याच्या हातात तिकीट नाही. मिळालं तर देणार, नाहीतर शेवटच्या क्षणी पैसे परत. आणि स्क्रीनशॉट विकत घेऊच नका. अनेक अॅपमधला बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, दारावर स्क्रीनशॉट चालत नाही. अॅपमधून तुमच्या खात्यात तिकीट वर्ग होईपर्यंत पैसे सोडू नका.

खांबाआडून

तिसरी_घंटा, हे छापून भिंतीवर लावतो.

हिशेबी

आता धागाकर्त्यांच्या साठ डॉलरकडे येतो, ते राहूनच गेले.

सरासरी सोडून दरांच्या पायऱ्या पाहा. यू२च्या त्या दौऱ्यात अमेरिकेत ३०, ५५, ९५ आणि २५० डॉलर अशा पायऱ्या होत्या. एराजला अमेरिकेत साधी तिकिटं ४९ ते ४४९, आणि व्हीआयपी पॅकेज १९९ ते ८९९. बदलते दर त्या दौऱ्यात वापरलेच नव्हते. २००९ ते २०२३ ची महागाई साधारण ४२ टक्के धरली तर ३० चे ४३ होतात, प्रत्यक्षात ४९. तळ फारसा हलला नाही. २५० चे ३५५ होतात, प्रत्यक्षात ४४९, आणि त्याच्याही वर ८९९.

मैदानाचा फरक तर आणखी मोठा. यू२ने स्टेजसमोरचं मैदान उभ्या प्रेक्षकांना ५५ डॉलरला दिलं होतं, आजचे ७८. एराजला तिथे खुर्च्या होत्या आणि त्या वरच्या दरांतल्या. म्हणजे ते साठ डॉलर बऱ्याच अंशी स्टेजजवळच्या जागेचे आहेत. लोखंड, ट्रक, मजुरी महाग झाली हे खरं, पण तो बोजा सगळ्या खुर्च्यांवर सारखा पडला असता. इथे तो वर सरकलेला दिसतो. दलालाकडे जाणारा पैसा कलाकाराने स्वतःकडे वळवला असा मी त्याचा अर्थ लावतो.

मंद्रसप्तक

हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे मागच्या रांगेतल्याचा दर जवळजवळ रास्त, आणि पुढे उभं राहणाऱ्या विद्यार्थ्याची जागा गेली. माझी तक्रार आता तेवढीच उरली, पण ती पक्की. मैदानातला एक भाग तरी उभ्या प्रेक्षकांना खालच्या दरात, नावावर बांधलेल्या तिकिटांनी द्यायला हवा.

बाजारभाव

@मंद्रसप्तक, नावावर बांधलेलं असेल तर माझा विरोध नाही. दलालाला त्यात काही मिळत नाही. फक्त दारावर ओळखपत्र तपासायला माणसं वाढवावी लागतील आणि दारं दोन तास आधी उघडावी लागतील. तो खर्च हिशेबीकाकांच्या त्या अडीच लाखांत धरा.